एमआरआयसाठी जमीन विकण्याआधी

लातूर जिल्ह्यातल्या, सीमेकडच्या एका तालुक्याच्या गावाहून एका डॉक्टरताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. पत्र थोडं आटोपशीर करून देतो.

‘स. न. वि. वि. आमचा ५० खाटांचा दवाखाना आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, मिस्टर फिजिशियन. बावीस वर्षांपूर्वी भाड्याच्या दोन खोल्यांत सुरुवात केली. आज आयसीयूच्या ८ खाटा आहेत, ३०० एमएचं जुनं एक्स-रे मशीन आहे, त्याला सीआर (एक्स-रेची प्लेट वाचून चित्र संगणकावर आणणारं यंत्र) जोडलेलं, आणि एक सोनोग्राफी. रेडिओलॉजिस्ट लातूरहून आठवड्यातून तीन दिवस येतात. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आम्ही आहोत. सीटी आणि एमआरआयसाठी पेशंट साठ-पासष्ट किलोमीटरवर लातूरला पाठवावे लागतात. मिस्टरांच्या अंदाजानं महिन्याला ३०-३५ एमआरआय आणि ९०-१०० सीटी बाहेर जातात. आता एका कंपनीनं १.५ टेस्लाच्या एमआरआयचं कोटेशन दिलं आहे, खोलीसकट ५ कोटी. बँक ४ कोटी द्यायला तयार आहे, १० टक्क्यांनी, सात वर्षांसाठी. उरलेल्या कोटीसाठी सासरे रोडलगतची चार एकर जमीन विकायला निघालेत. त्याच कंपनीनं सीटीचंही कोटेशन दिलंय, सव्वा कोटीच्या आसपास, पण मिस्टर म्हणतात की सीटी आता कुणीही घेतं, नाव एमआरआयनं होतं. दसऱ्याआधी ऑर्डर दिली तर सवलत आहे. गावातल्या एका डॉक्टरांच्या कानावर हे गेलं तर त्यांनी भेटीतच विचारलं, “मशीन आणा, पण आम्हाला किती टक्के?” तेव्हापासून मला झोप नाही. वाढायचं आहे हे नक्की. पण कसं, ते सांगा.’

ताई,

उत्तर आधी देतो, कारणं मग सांगतो. एमआरआय आत्ता घेऊ नका. जमीन तर त्यासाठी अजिबात विकू नका. सीटी मात्र तुमच्या दवाखान्याला हवा आहे आणि तो व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण तोही या दसऱ्याला नाही. त्याआधी आठ-नऊ महिन्यांचं काम आहे आणि त्या कामाला पैशापेक्षा चिकाटी जास्त लागते.

मी एकतीस वर्षं रेडिओलॉजी केली. शिकलो अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात. पुढची वर्षं लातूर, नांदेड, परभणी याच टापूत गेली. मशीन घेऊन उभे राहिलेले दवाखाने पाहिले आणि मशीन घेऊन बसलेलेही पाहिले. ज्यांनी ऑर्डर देण्याआधी स्वतःचे पेशंट मोजले आणि रिपोर्ट कोण करणार हे ठरवलं, ते उभे राहिले.

तुमच्या पत्रात कोटेशन आहे, व्याजदर आहे, जमिनीचं क्षेत्रफळसुद्धा आहे. पेशंटचा आकडा मात्र ‘मिस्टरांच्या अंदाजानं’ आहे. म्हणून पहिलं काम: रिसेप्शनच्या टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवा. बाहेर पाठवलेल्या प्रत्येक तपासणीची एक ओळ. तारीख, वेळ, कोणती तपासणी, कुणी सांगितली, पेशंट योजनेचा की रोखीचा, गेला का, आणि रिपोर्ट परत केव्हा आला. एवढे रकाने पुरे.

यातले दोन रकाने सगळ्यात बोलके ठरतील. एक वेळेचा. दुपारी बाराला सांगितलेला गुडघ्याचा एमआरआय आणि रात्री दोनला सांगितलेला डोक्याचा सीटी या दोन वेगळ्या गरजा आहेत; महिन्याच्या बेरजेत त्या एकसारख्या दिसतात. दुसरा रकाना ‘गेला का’ हा. आपल्याकडे लातूरला जा म्हटलं की पेशंट मान हलवतो, कागद खिशात घालतो आणि एसटीनं घरी जातो. “पैशाचं बघून जाऊ” म्हणतो. पंधरा दिवसांनी वाढलेलं दुखणं घेऊन येतो. असे किती, हे तुम्हाला आज माहीत नाही आणि कंपनीच्या माणसालाही नाही. मोजताना हंगामही ध्यानात ठेवा. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं पाडव्याच्या सुमारास परततात. तेवढे महिने काही गावांची ओपीडी निम्म्यावर येते, आणि त्याच महिन्यांत गाळप हंगामामुळे रस्त्यावरचे अपघात वाढतात. एका महिन्याच्या आकड्यावर सात वर्षांचं कर्ज काढायचं नाही.

आता तुमचेच आकडे घेऊन हिशेब मांडतो. ४ कोटी, १० टक्के, ८४ हप्ते. महिन्याचा हप्ता येतो साधारण ६ लाख ६४ हजार. वॉरंटी संपल्यावर सर्वंकष देखभालीचा करार, म्हणजे सीएमसी, वर्षाला २५ लाख धरू. महिन्याला २ लाखांवर. वीज, एसी, दोन टेक्निशियन, बाकी किरकोळ मिळून सव्वादोन लाख. झाले जवळजवळ ११ लाख. एका एमआरआयचे सरासरी ५,००० मिळाले आणि त्यातून रिपोर्टिंग, फिल्म वगैरेचे ९०० गेले, तर हातात ४,१००. म्हणजे नुसतं बरोबरीत यायला महिन्याला २७० एमआरआय लागतात. रोज नऊ, रविवार-सणवार धरून. तुमचे स्वतःचे आहेत ३०-३५.

उरलेले दोनशे पस्तीस कुठून आणणार?

ताई, “आम्हाला किती टक्के” हा प्रश्न इथूनच जन्माला येतो. तो डॉक्टर वाईट आहे म्हणून त्यानं विचारलं असं समजू नका. त्यानं तुमचा हिशेब तुमच्याआधी केला आहे. त्याला ठाऊक आहे की हप्ता तुमच्या स्वतःच्या पेशंटवर निघणार नाही, म्हणजे त्याच्याकडे यावंच लागेल. पहिल्या वर्षी तुम्ही नाही म्हणाल. दुसऱ्या वर्षी हप्ता थकला की बँकेचा फोन येईल आणि तुम्ही ‘रेफरल फी’ असं गोंडस नाव देऊन सुरू कराल. हे मी चांगल्या, सरळ माणसांच्या बाबतीत घडताना पाहिलं आहे. कमिशन देणं आणि घेणं दोन्ही २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्टपणे निषिद्ध आहे. २०१७ मध्ये आपल्या राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी, म्हणजे अशा कमिशनविरोधी, कायद्याचा मसुदाही तयार झाला, पण त्याचा कायदा झाला नाही. मात्र कायद्याहून मोठी गोष्ट ही की ते टक्के पेशंटच्याच खिशातून जातात. ज्या बाईनं पाटल्या गहाण ठेवून तपासणीचे पैसे आणले, तिच्या पैशातून.

पुढचं पाऊल याहून वाईट असतं. मशीनला पेशंट कमी पडले की गरज नसलेल्या तपासण्या ‘निघू’ लागतात. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका वाढला, की २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. तुम्ही स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ आहात. साध्या सिस्टच्या सोनोग्राफी रिपोर्टनं एखादी बाई किती घाबरते आणि त्या भीतीच्या जोरावर तिच्याकडून काय काय कबूल करून घेता येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: स्वतःच्या पेशंटनी निदान निम्मा खर्च भागेल, तेवढंच कर्ज घ्यायचं. मग उरलेल्या निम्म्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. ते काम चांगला आणि वेळेवरचा रिपोर्ट करतो.

या मापानं सीटी बघा. १ कोटी कर्ज धरलं तर हप्ता १ लाख ६६ हजार. सीएमसी महिन्याला ५० हजार. रात्रपाळीसह तीन टेक्निशियन, वीज आणि बाकी मिळून सव्वा लाखाच्या आत. एकूण ३ लाख ३० हजारांच्या आसपास. एका सीटीमागे खर्च जाऊन १,८०० उरले तर महिन्याला १८५ सीटी, रोज सहा. तुमचा अंदाज खरा असेल तर निम्मे तुमचेच आहेत. वहीत ते सिद्ध होऊ द्या.

दोन खाचखळगे आहेत. योजनेच्या पेशंटच्या तपासण्या पॅकेजमध्येच, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या रकमेतच, धरलेल्या असतात, त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. आज तुम्ही बाहेर भरता तो खर्च तेवढा वाचेल. म्हणून वहीत योजनेचे आणि रोखीचे पेशंट वेगळे मोजायला सांगितलं. दुसरं म्हणजे कोटेशनमधली जीएसटीची ओळ. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे मशीनवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही आपल्याला मिळत नाही. ‘तो परत मिळतो’ असं कुणी सांगितलं तर सीएला विचारा. तो पूर्ण खर्चच धरायचा.

पण सीटीच्या बाजूनं मी बोलतोय ते हिशेबापुरतं नाही. डॉक्टरसाहेब म्हणतात नाव एमआरआयनं होतं. होतही असेल. रात्री दोनला मात्र सीटी लागतो.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा, तुमच्या कॅज्युअल्टीत तो महिन्यातून दोनदा तरी घडत असणार. पन्नाशीचा शेतकरी, रात्री पाण्याची पाळी देऊन आला, पहाटे उठून कामाला लागला आणि अचानक उजवा हात उचलेना, तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय. पोरानं वाडीवरून जीप मिळवून आणेपर्यंत तास गेला. तुमच्या दारात आणखी तास. आता हा मेंदूतला रक्तस्राव आहे की गुठळी, हे हात लावून कळत नाही. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यायचं असतं, आणि रक्तस्राव नाही हे सीटीत दिसल्याशिवाय ते देता येत नाही. शिवाय घड्याळ लागतं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. झोपेतून उठल्यावर लक्षण दिसलं तर तोही वेळ गेलेलाच. लातूरला पाठवलं की दीड तास रस्त्यात, अर्धा तास केसपेपरमध्ये. संपलं. तुमच्याकडे फिजिशियन घरचा आहे, आयसीयू आहे, व्हेंटिलेटर असेलच. त्या साखळीत फक्त एक कडी नाही. ती कडी बसली तर तुमच्या तालुक्यातला लकवा झालेला एखादा माणूस पुन्हा स्वतःच्या हातानं भाकरी मोडून खाईल. तीच गोष्ट डोक्याच्या मारांची. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, अंधारात मोटारसायकल आदळते. त्या पोराला घेऊन लातूरकडे पळायचं की न्यूरोसर्जनला आधी फोन करून थेट कुठं न्यायचं, हे सीटी दहा मिनिटांत सांगतो.

एमआरआयबद्दल आणखी एक गोष्ट कंपनीचा माणूस सांगत नाही. एमआरआयचा चुंबक चोवीस तास थंड ठेवावा लागतो. पेशंट असो वा नसो, चिलर आणि कॉम्प्रेसर चालूच. नेहमीच्या चुंबकांत हजार-दीड हजार लिटरहून अधिक द्रव हेलियम असतो. वीज गेली, चिलर बंद पडला आणि तो वेळेत सुरू झाला नाही की हेलियम उडू लागतो, आणि हेलियम आपला देश आयात करतो. आता अगदी थोड्या, सीलबंद हेलियमवर चालणारी मशीनही आली आहेत. पण चिलर त्यांनाही लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो. मी एका ठिकाणी, जागा सांगत नाही, मे महिन्यात चिलरवर भिजलेली पोती टाकून रात्रभर पाणी मारणारा वॉर्डबॉय पाहिला आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, ते तुम्हीही अनुभवलं असेल. अशा टापूत असं मशीन चालत नाही असं नाही, लातूर-नांदेडला चालतंच आहे. पण त्यामागे दुसरी वीजजोडणी, मोठा जनरेटर आणि दोन तासांत पोहोचणारा इंजिनिअर असतो. तुमच्याकडे ते उभं करायचं तर पाच कोटींत भागणार नाही.

सीटी घ्याल तेव्हाच्या करारात काय बघायचं, तेही आत्ताच सांगून ठेवतो. सीटीचा जीव ट्यूबमध्ये, म्हणजे एक्स-किरण तयार करणाऱ्या नळीत, असतो आणि ट्यूब झिजते. सीएमसीत ट्यूब धरलेली आहे का, किती वर्षं किंवा किती स्कॅनपर्यंत, हे लेखी घ्या. नाहीतर चौथ्या वर्षी लाखांचं बिल येतं आणि आपण करार चाळत बसतो. ‘९५ टक्के अपटाइम’ ऐकायला छान वाटतं, पण ५ टक्के म्हणजे वर्षाचे १८ दिवस मशीन बंद आणि करार तरी शाबूत. ९८ मागा, आणि २ टक्क्यांहून जास्त बंद राहिलं तर दिवसाला काय भरपाई ते लिहून घ्या. इंजिनिअर राहतो कुठं, हे विचारा. पुण्याहून येणार असेल तर एक दिवस गेलाच समजा. खोलीचा नकाशा बांधकामाआधी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत बसवून घ्या. सीटीची खोली किमान २५ चौरस मीटर लागते, आणि मंडळाचा परवाना त्यांच्या ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवरून मिळाल्याशिवाय एकही स्कॅन करायचा नाही. आधी भिंती उभ्या करून मग परवानगीला गेलेल्यांच्या भिंती पाडाव्या लागलेल्या आहेत.

आता ते आठ-नऊ महिने. खरी वाढ इथं आहे, ताई, आणि ती तुमच्या डोळ्यांसमोर पडलेली आहे.

तुमच्या एक्स-रे रूममध्ये जा आणि गेल्या आठवड्यातले छातीचे वीस एक्स-रे एकापाठोपाठ एक बघा. खांद्याची फरी, म्हणजे स्कॅप्युला, फुप्फुसावर किती फिल्ममध्ये आली आहे ते मोजा. टेक्निशियननं पेशंटचे खांदे पुढे ढकलायला लावले नाहीत की ती येते आणि नेमक्या वरच्या भागातला टीबीचा डाग तिच्याखाली लपतो. उजव्या-डाव्याचा मार्कर किती फिल्मवर आहे? श्वास पूर्ण भरून घेतलाय का? हे सुधारायला कोटी लागत नाहीत. महिनाभर, येतील त्या प्रत्येक दिवशी पंधरा मिनिटं रेडिओलॉजिस्टनं टेक्निशियनसोबत बसायला हवं. मग जुनं मशीन काढून डीआर, म्हणजे चित्र थेट संगणकावर देणारं डिजिटल एक्स-रे मशीन, घ्या. पेशंटचा वेळ वाचतो, चुकलेला एक्स-रे लगेच कळतो, आणि प्रत्येक एक्स-रे पॅक्सवर, म्हणजे चित्रं साठवून दूर पाठवणाऱ्या संगणक यंत्रणेवर, जाऊन बाहेरून रिपोर्ट होऊ शकतो. तुमच्याकडे आज एक्स-रेंवर रिपोर्ट होतो का, हे पत्रात नाही, बहुतेक नसावा. सीटी आल्यावर जी यंत्रणा लागणार आहे, पॅक्स, इंटरनेटच्या दोन वेगळ्या लाइन, रात्रीचा टेलिरिपोर्ट, ती एक्स-रेवरच सहा महिने चालवून बघा. जे चुकायचं ते स्वस्तात चुकू द्या.

सोनोग्राफीचं मात्र टेलिरिपोर्टनं भागत नाही. प्रोब धरणारा हातच तिथं निदान करतो. शिवाय पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याच्या नियमांतल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवरच सोनोग्राफी करता येते. तुमचे येणारे डॉक्टर आणखी कुठं नोंदलेले आहेत ते तपासा, त्यांच्या वेळा नोंदणीत बरोबर आहेत का तेही. गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म एफ त्याच दिवशी भरलेला, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत गेलेला. हे काम कारकुनावर सोडू नका, तुम्ही स्वतः सही करण्याआधी वाचा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. आपल्या मशीननी ते केलं होतं, आपल्या धंद्यातल्या माणसांनी केलं होतं. मला ते अजून सलतं. मराठवाड्यात सोनोग्राफी चालवणाऱ्यानं कागद चोख ठेवणं ही सरकारी कटकट आहे असं माझ्यासमोर कुणी म्हटलं, की मी उठून जातो.

पूर्णवेळ रेडिओलॉजिस्ट मिळत नाही, ही तुमची अडचण होणार. पगार वाढवून तो येत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी सगळा मराठवाडा लातूरला राहायला जातो, तर लातूरचा रेडिओलॉजिस्ट घर सोडून तुमच्याकडे का येईल? त्याला घर सोडायला लावू नका. आठवड्यातले चार दिवस येऊन सोनोग्राफी, डॉपलर, सुईनं करायच्या तपासण्या. उरलेलं एक्स-रे-सीटीचं रिपोर्टिंग घरून. आणि नोकर म्हणून न ठेवता विभागात हिस्सा द्या, मशीन ठरवतानाच त्याला टेबलावर बसवा. ज्याचा हिस्सा आहे तो रात्री फोन उचलतो. टेक्निशियनसाठी तुमच्याच गावातली बारावी सायन्स झालेली दोन मुलं-मुली शोधा, बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीची फी दवाखान्यानं भरा. बाहेरून आलेला टेक्निशियन दोन हजार जास्त मिळाले की जातो. गावची पोरगी टिकते.

आणि रिपोर्ट. याबद्दल माझ्या हातून घडलेलं सांगतो. पहिल्या नोकरीत होतो. संध्याकाळी एका आजोबांचा डोक्याचा सीटी आला, कवटीखाली रक्त साठलेलं, मेंदू बाजूला सरकलेला. मी रिपोर्ट अगदी बरोबर लिहिला, पाकिटात घातला, पाकीट काउंटरच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि घरी गेलो. नातेवाईक गावी परतले होते. सकाळी नातू पाकीट घ्यायला आला तेव्हा आजोबा गेलेले होते. नातवानं मला काही विचारलं नाही. पाकीट घेतलं, पिशवीत ठेवलं आणि पैसे द्यायचे उरले का ते विचारलं. त्या दिवसापासून मी जीवघेणी गोष्ट दिसली की आधी फोन केला, टायपिंग नंतर. कुणाला, किती वाजता फोन केला हे रिपोर्टच्या शेवटी लिहायची सवय लावून घेतली. तुमच्याकडे हा नियम पहिल्या दिवसापासून भिंतीवर लावा. गावातल्या ऑर्थोपेडिक आणि सर्जनना तुमच्याकडे पेशंट पाठवावासा वाटेल तो यामुळे. रात्री पाठवलेल्या पेशंटचा रिपोर्ट तासाभरात त्यांच्या मोबाइलवर, आणि गंभीर असेल तर त्याआधी तुमच्या माणसाचा फोन. टक्के मागणाऱ्या त्या डॉक्टरांनाही नम्रपणे हेच सांगा. त्यांच्या आईला लकवा झाला तर ते कमिशन देणाऱ्याकडे नेणार नाहीत.

तुम्ही एआयबद्दल एक ओळ लिहिली होती, मी पत्रातून गाळली. थोडक्यात सांगतो. छातीच्या एक्स-रेवरून टीबीचा संशय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पंधरा वर्षं आणि त्यावरच्यांसाठी केली आहे. डीआर आल्यावर ते वापरून बघायला हरकत नाही. रिपोर्टवर सही माणसाचीच हवी.

डॉक्टरसाहेबांची एक भीतीही पत्रात होती, की आपण नाही घेतलं तर दुसरा एमआरआय घेईल. घेऊ द्या. त्यानं घेतला तर तुमचे पेशंट लातूरऐवजी गावातच जातील, त्यांचा एक दिवस वाचेल आणि तुमची चार एकर शाबूत राहील. त्याच्याशी लेखी दर ठरवा: योजनेच्या आणि गरीब पेशंटना सवलत, कमिशन शून्य. सीटी तीन वर्षं चालला, हप्ता सुरळीत गेला आणि वहीत एमआरआयचा आकडा महिन्याला शंभरावर गेला, तर मग रेडिओलॉजिस्ट आणि गावातले दोन-तीन डॉक्टर मिळून भागीदारीत एमआरआयचा विचार करा. तेव्हा मला पत्र लिहा, मी आनंदानं हो म्हणेन.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. सुनेच्या दवाखान्यासाठी जमीन काढायला तयार होणारा माणूस मोठ्या मनाचा असतो, त्यांना ‘नको’ सांगताना हे आधी सांगा. रोडलगतची जागा आहे म्हणता. सीटीसाठी आज इमारतीत तळमजल्यावर २५ चौरस मीटर निघत नसतील, तर त्यातले दोन गुंठे पुढेमागे उपयोगी पडतील.

कंपनीच्या माणसाला दसऱ्यानंतर यायला सांगा. सवलत तेव्हाही असते. वही मात्र उद्या सकाळीच सुरू करा, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला ती दाखवून ठेवा, कारण महत्त्वाच्या ओळी तीच भरणार आहे. तीन महिन्यांनी पानांचे फोटो पाठवा. पेशंटची नावं झाकून.